दोन भाषा आणि पुस्तकांचे एकच कपाट

आयरिश लेखकांवरील युरोपीय प्रभावांची चर्चा बहुधा जेम्स जॉइस आणि सॅम्युएल बेकेट या दोन आयरिश लेखकांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मी नुकतीच शुल्क भरून ऐकलेली ऑनलाइन व्याख्यानमाला मात्र इंग्रजीत आणि आयरिशमध्ये लिहिणाऱ्यांना शेजारी बसवते, आणि एवढ्यासाठी तरी ती ऐकावी.

सर्वांत रंगले ते आयरिश कादंबरीकार जॉर्ज मूर यांच्यावरचे व्याख्यान. रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या ग्रामीण शब्दचित्रांचा आदर्श समोर ठेवून मूर यांनी आयर्लंडच्या खेड्यांवर कथा लिहिल्या, त्याच मुळी आयरिशमध्ये नेण्यासाठी. त्यामुळे आयरिश अनुवाद १९०२ मध्ये आला आणि इंग्रजी पुस्तक त्यानंतर वर्षभराने. जॉइस आणि आयरिशमध्ये लिहिणारे पाड्रिक ओ कोनरे हे दोघेही १८८२ च्या फेब्रुवारीतले, हा योगायोगही वक्त्याने छान वापरला आहे. जॉइसने नॉर्वेजियन नाटककार इब्सेनसाठी त्याची भाषा शिकून १९०१ मध्ये त्याला पत्र लिहिले. ओ कोनरे यांनी लंडनमध्ये कारकुनी करता करता रशियन लेखक वाचले आणि १९१० मध्ये अशी आयरिश कादंबरी दिली, जिचा नायक मोटार-अपघातात एक हात आणि एक पाय गमावून सर्कशीत प्रदर्शनाची वस्तू होतो. आयरिश भाषेतले लेखन म्हणजे शेकोटीभोवतीच्या लोककथा, हा समज तिथेच गळून पडतो.

आयरिशमध्येच लिहिणाऱ्या मार्टिन ओ काइन यांच्याबाबतीत मात्र वक्ता घाई करतो. फ्रेंच अनुवादात वाचलेल्या रशियन लेखक गॉर्कीने आपल्याला आपल्याच माणसांबद्दल लिहिता येईल याची जाणीव दिली, हे स्वतः ओ काइन यांनीच सांगितले आहे. पण त्यांच्या १९४९ च्या कादंबरीत मेलेली माणसे बोलतात आणि दोस्तोयेव्हस्कीच्या एका कथेतही बोलतात, एवढ्यावरून थेट प्रभाव सिद्ध झाला असे मानणे मला पटले नाही. आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरले की पंधरा शिलिंगांच्या, या विवंचनेने बोलू लागणारी कात्रीना, म्हणजे त्या कादंबरीतली मृत नायिका, अस्सल कॉनेमाराची, पश्चिम आयर्लंडमधल्या आयरिशभाषक भागाची आहे.

मोठी तक्रार वेगळीच आहे. बेकेटचे उतारे मूळ फ्रेंचमधून वाचून दाखवले आहेत, आयरिश उतारे मात्र केवळ इंग्रजी अनुवादात. आणि युरोपीय पुस्तके मोठ्या प्रमाणावर आयरिशमध्ये आणणाऱ्या अन गूम या सरकारी प्रकाशन योजनेची बोळवण दोन वाक्यांत केली आहे. कात्रीनाचे ते पहिले वाक्य मूळ आयरिशमध्ये कसे ऐकू येते, हे कळण्यासाठी मला शेवटी दुसरीकडे ध्वनिमुद्रण शोधावे लागले.