स्टिअरिंग सिलिंडरची दुरुस्ती : मिरकरवाड्यातील एका वर्कशॉपबद्दल

आमच्या ट्रॉलरचे सुकाणू वळवणारा हायड्रॉलिक सिलिंडर मे महिन्याच्या अखेरीस गळू लागला आणि १ जूनला मासेमारीबंदी लागताच तो उतरवून मी रत्नागिरीतील मिरकरवाडा बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये नेला. माझी नोकरी गोव्यात दाबोळीला नौदलाच्या विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेवर झाली असल्याने बंदरावरच्या कामाकडेही मी त्याच नजरेने पाहतो. ही नजर थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. पण तेलाच्या दाबाने पिस्टन सरकवून पाते वळवायचे, हे काम दोन्हीकडे एकच आहे.

कारागिराने पिस्टनला जोडलेला रॉड पुसला आणि त्यावरून नख फिरवले. वायपर सीलच्या (रॉडवरची घाण आत जाऊ न देणाऱ्या टोकाच्या सीलच्या) बाहेर, जेथे रॉड सतत उघडा राहतो, तेथे मोहरीएवढे खड्डे पडले होते. “काका, नवीन सील टाकतो, पण हा रॉड ते महिन्याभरात खाईल,” असे त्याने सरळ सांगितले. नुसते सील बदलून पैसे घेणे त्याला सहज शक्य होते. रॉडवरच्या हार्ड क्रोमच्या (क्रोमियमच्या कठीण मुलाम्याच्या) थराला मुळातच सूक्ष्म भेगा असतात, त्यांतून खारे पाणी खालच्या पोलादापर्यंत पोहोचते आणि गंज आतून वर येतो. विमानांच्या रॉडवर क्रोमऐवजी टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला थर देण्याकडे कल वळला, त्यामागे टिकाऊपणा हे एक कारण होते आणि क्रोमच्या विषारी प्रक्रियेतून सुटका हे दुसरे. येथे तो पर्याय मिळत नाही. रॉड कोल्हापूरला पाठवून पुन्हा क्रोम करून आणला, त्याला बारा दिवस लागले.

त्याचा एक सल्ला मात्र मी मानला नाही. रॉड जरा जाड करू, म्हणजे वाकणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. परंतु रॉड जाड केला की त्या बाजूला तेलाला मिळणारे पिस्टनचे क्षेत्रफळ घटते आणि सुकाणू एका बाजूला कमी जोराने वळते. विमानात तर ताकदीसाठी जाडी वाढवण्याची वाट बहुधा बंदच असते, म्हणून तेथे दाब वाढवला गेला. पाच टनांचा जोर हवा असेल, तर जुन्या पिढीच्या ३,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला सुमारे साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन लागतो. राफेलमधील ५,००० पीएसआयला सव्वाचार सेंटिमीटरचा पुरतो. नळ्या आणि तेलही त्या प्रमाणात कमी होते. मात्र सील अधिक ताणले जाते आणि गळतीने तेल अधिक तापते, त्यामुळे वजनात जेवढे मिळाले तेवढे विश्वासार्हतेत गमावू नये, यावरच खरे डोके खर्च होते. एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानात मोटर आणि पंप ॲक्च्युएटरलाच, म्हणजे पाते हलवणाऱ्या सिलिंडरलाच, जोडून लांबच्या नळ्या टाळल्या आहेत. एकाची गळती दुसऱ्याला रिकामे करत नाही.

चाचणीबाबत वर्कशॉपला चांगले गुण देतो. आमच्या स्टिअरिंगचा दाब ७० बारच्या (सुमारे १,००० पीएसआयच्या) आसपास असतो. त्याने हातपंपाने १०५ बारपर्यंत नेऊन दहा मिनिटे काटा स्थिर असल्याचे मला दाखवले. विमानाच्या ॲक्च्युएटरचीही अशीच दीडपट दाबाची चाचणी होते, शिवाय नमुना अडीचपट दाबालाही फुटता कामा नये.

तक्रार स्वच्छतेची आहे. शेजारी ग्राइंडर चालू असताना सिलिंडर उघडा पडला होता आणि जोडणीपूर्वी आतला भाग जुन्या बनियनच्या चिंधीने पुसला गेला. मी हटकले, तेव्हा तो हसला. विमानात तेलाचा प्रवाह नेमका नियंत्रित करणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हमध्ये फट काही मायक्रॉनचीच असते, तेथे असा एक धागा पुरे. बोटीचा व्हॉल्व्ह ढोबळ असल्याने निभावते, इतकेच.

रॉड, सील आणि मजुरी मिळून ९,५०० रुपये झाले. कामाच्या मानाने ते वाजवी वाटले. ऑगस्टमधील पहिल्या फेरीनंतर रॉड कोरडा होता, पण फिल्टर उघडल्यावर जाळीवर पांढऱ्या सुताचे तीन धागे सापडले. पुढच्या वेळी सिलिंडर तेथेच नेईन, पुसायचे कापड मात्र घरून घेऊन जाईन.