‘डॉक्टर हू’चे पहिले अकरा भाग : किल्ली, पियानो आणि तीस हर्ट्झ

बीबीसीची ‘डॉक्टर हू’, म्हणजे काळ-अवकाशात भटकणाऱ्या ‘डॉक्टर’ची विज्ञानकथा मालिका, कुठून बघायला घ्यावी, असं विचारलं की बहुतेक जण २००५ सालच्या नव्या पर्वाकडे बोट दाखवतात. सल्ला वाईट नाही. पण ज्याचा आवाजाच्या कामाशी संबंध आहे, किंवा नुसता कान तयार आहे, त्याने थेट २३ नोव्हेंबर १९६३ गाठावा. पहिल्या दोन कथा, ४ आणि ७ मिळून ११ भाग, प्रत्येकी साधारण २५ मिनिटांचे. कृष्णधवल चित्र, अडखळणारे संवाद, जेमतेम पैशांत उभारलेले सेट. तरी हे भाग आजही तग धरून आहेत ते आधी आवाजाच्या जोरावर, मग चार नटांच्या. सेटचा नंबर त्यानंतर.

हे सगळं घडलं कसं, ते ठाऊक असलं की दोष खुपत नाहीत. लंडनच्या लाइम ग्रोव्हमधला ‘डी’ स्टुडिओ म्हणजे दाटीवाटीची, तापणारी जागा. आठवडाभर नाटकासारख्या तालमी आणि शुक्रवारी संध्याकाळी मुद्रण, तेही शक्यतो सलग. व्हिडिओ टेप कापणं महागाचं काम, त्यामुळे नट एखाद्या शब्दाला अडखळला तरी पुन्हा मागे जायची चैन नव्हती. डॉक्टर साकारणारा विल्यम हार्टनेल ‘अँटी-रेडिएशन ड्रग्ज’च्या जागी ‘ग्लव्ज’ म्हणून मोकळा होतो आणि ते तसंच प्रसारित होतं. आपल्याकडे नाटकात सहकलाकार अशी चूक झाकून नेतो, तसंच इथेही.

पहिला भाग निव्वळ बघण्यासारखा आहे. लखनौमध्ये जन्मलेले दिग्दर्शक वारिस हुसेन तेव्हा २४ वर्षांचे होते आणि निर्मात्या व्हेरिटी लँबर्टही तिशीच्या आतल्या. कोल हिल शाळेतले दोन शिक्षक, विज्ञानाचा इयान आणि इतिहासाची बार्बरा, सुझन नावाच्या विचित्र हुशार विद्यार्थिनीच्या मागे एका भंगारच्या आवारात शिरतात. तिथे पोलिसांना फोन करायचा निळा खोका उभा आहे. इयान त्याला हात लावतो आणि दचकतो, कारण खोका थरथरतोय. पडद्यावर दिसतं काय? लाकडी खोक्यावर एका माणसाचा तळवा, बस. आवाज बंद करून हा प्रसंग पाहा, काहीच घडत नाही. आवाज सुरू केला की खालून एक बारीक गुणगुण येते आणि खोका जिवंत होतो. पुढे दार उघडल्यावर आतल्या प्रशस्त खोलीत तीच गुणगुण मोठी होऊन भेटते. बाहेरून लहान, आतून मोठं, ही या मालिकेची मुख्य कल्पना. ती डोळ्यांच्या आधी कानांना पटलेली असते.

ही करामत बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे प्रयोगशील आवाज घडवणाऱ्या विभागातल्या ब्रायन हॉजसनची. टार्डिस, म्हणजे तो खोका, डॉक्टरचं काळ-अवकाशातलं वाहन, निघतानाचा जो घरघरत उसासे टाकणारा आवाज आहे, त्यासाठी त्याने आईच्या घराची किल्ली घेतली आणि एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर लांबलचक ओढली. तारा खर्जाच्याच का? त्या जाड असतात, त्यांच्यावर बारीक तारेची गुंडाळी असते. किल्ली त्या वेटोळ्यांवरून खरखरत जाते, त्यामुळे नुसता सूर न उमटता सुरासोबत दाणेदार खरखरही मिळते. पातळ तारेवर हाच प्रयोग केला तर कर्कश किंचाळी येते, हवं तर गिटारवर करून बघा. मग त्या मुद्रणाचा वेग बदलायचा, काही तुकडे उलटे फिरवायचे, प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा स्वतःतच सोडायचा. यंत्र जवळ येतंय की लांब जातंय हे कळू नये, अशी ती चढउतार आहे.

शीर्षकसंगीतावर स्वतंत्र लेख व्हावा. चाल रॉन ग्रेनरची, पण ती घडवली वर्कशॉपमधल्याच डेलिया डर्बीशायरने, डिक मिल्सच्या मदतीने. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली बाई. सिंथेसायझर तेव्हा बाजारात नव्हता. खालचा ठेका एकाच छेडलेल्या तारेच्या मुद्रणातून निघाला. तोच आवाज वेगवेगळ्या वेगांनी वाजवून हवे ते सूर मिळवायचे, प्रत्येक सुराची टेप मोजून ब्लेडने कापायची आणि चिकटवायची. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. पाव इंच इकडेतिकडे झाला तर एका जागी फार जाणवत नाही, पण अशा तीस जोडांवर ती चूक साठत जाते आणि ठेका चालीला सोडून पळतो. वरची सुरावट चाचणीसाठी वापरायच्या ऑसिलेटरवर, म्हणजे सलग सूर काढणाऱ्या यंत्रावर, हाताने बटण फिरवून. ग्रेनरने कागदावर ‘वाऱ्याचे बुडबुडे’ अशा सूचना लिहिल्या होत्या, त्या गाळलेल्या पांढऱ्या गोंगाटातून (व्हाइट नॉइज, रेडिओवर स्टेशन नसताना येते तशी सरसर) आल्या. अनेक ट्रॅकचं यंत्र नसल्यामुळे ठेका, चाल, गोंगाट अशा वेगळ्या टेपा वेगळ्या यंत्रांवर चढवून एकदम सुरू करायच्या. एकदा काही केल्या मेळ बसेना, तेव्हा सगळ्या टेपा वर्कशॉप जिथे होतं त्या मेडा व्हेल स्टुडिओच्या लांब कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी पसरून जोड तपासले आणि चुकीचा तुकडा शोधून काढला.

हेडफोन लावून ऐका. ठेक्याच्या प्रत्येक सुराची सुरुवात किंचित वेगळी आहे, कारण प्रत्येक सूर वेगळा कापलेला आहे. हीच थीम १९८० मध्ये पीटर हॉवेलने सिंथेसायझरवर नव्याने बांधली. ती चकचकीत आहे, उत्तम आहे, पण तिच्यात हा कातरलेपणा नाही.

श्रेयनामावलीत मात्र ग्रेनर आणि वर्कशॉप, एवढंच. ग्रेनर स्वतः डर्बीशायरला मानधनात वाटा द्यायला तयार होता, बीबीसीचे नियम आड आले. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ चा पन्नाशीचा विशेष भाग उजाडावा लागला. ती २००१ मध्येच गेली होती.

पात्रांकडे वळू. हार्टनेलचा डॉक्टर इथे नायक नाही. तिरसट, लबाड, प्रसंगी धोकादायक म्हातारा आहे. पहिल्या कथेत जखमी आदिमानवाला सोडून पळता यावं म्हणून तो धोंडा उचलतो आणि इयान त्याचा हात धरतो. दुसऱ्या कथेत परक्या ग्रहावरचं शहर बघायचा हट्ट पुरवण्यासाठी तो टार्डिसचा ‘फ्लुइड लिंक’ नावाचा सुटा भाग काढतो आणि त्यातला पारा संपल्याची थाप मारतो. त्या एका थापेपायी सगळे डालेकांच्या, म्हणजे धातूच्या कवचात राहणाऱ्या क्रूर परग्रहवासीयांच्या तावडीत सापडतात. विल्यम रसेलचा इयान सरळमार्गी, शारीरिक कामं करणारा. कॅरल अ‍ॅन फोर्डच्या सुझनला पहिल्या भागात गूढ वलय आहे, पुढे लेखकांनी तिला किंचाळण्याच्या कामाला जुंपलंय. भाव खाऊन जाते ती जॅकलिन हिल. बार्बरा घाबरते ते खरं वाटतं, म्हणूनच समोरचा धोकाही खरा वाटतो.

आदिमानवांचे तीन भाग मात्र रटाळ. आग कोण पेटवणार एवढ्यावर किती ताणायचं? घाईत असाल तर पहिला भाग पाहून सरळ डालेकांकडे जा.

डालेक दिसतात रेमंड क्युसिकच्या रेखाटनामुळे, पण ते भीतिदायक होतात आवाजामुळे. आत बसलेला माणूस वेगळा, बोलणारा वेगळा. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम स्टुडिओतच माइकसमोर उभे राहून बोलायचे, तो आवाज तिथल्या तिथे रिंग मॉड्युलेटरमधून, म्हणजे आवाजाला दुसऱ्या लहरीने गुणणाऱ्या यंत्रातून जायचा. डोक्यावरचे दिवे आतला माणूस शब्दाबरोबर लुकलुकवायचा. दिवा चुकला तर चारपैकी कोण बोलतोय हे कळणारच नाही, कारण तोंड हलत नाही.

घरी करून बघायचं असेल तर कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जमतं. आवाज मोनो घ्या. १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा) आधी लावा, मग ३० हर्ट्झच्या साइन लहरीचा रिंग मॉड्युलेटर. होतं असं की आवाजातल्या २०० हर्ट्झच्या घटकाचे १७० आणि २३० असे दोन तुकडे होतात आणि मूळ २०० नाहीसा होतो, म्हणून माणूस ओळखू येत नाही. आकडा ५ वर आणला तर टेबलफॅनसमोर बोलल्यासारखं हसू येईल, ३०० वर नेला तर शब्द कळणार नाहीत. शब्द अजूनही पुसट वाटले तर मूळ आवाज थोडासाच मिसळा. शांततेत घूं ऐकू आली तर वाहक लहर, म्हणजे ती ३० हर्ट्झची, गळतेय; शेवटी गेट (अगदी हळू आवाज बंद करणारा) लावा. एवढं करूनही डालेक होत नाही, अशी बहुतेकांची तक्रार असते. कारण करून बघणारे नेहमीसारखं बोलतात. डालेक बोलतो ते प्रत्येक अक्षर सुटं, सारख्या वजनाचं, एकाच सुरात, आणि राग चढला की तो सूरच पायरीपायरीने वर. निम्मं काम नटाचं आहे.

डालेकांच्या शहरातला, काळजाच्या ठोक्यासारखा सतत धपधपणारा आवाज पुन्हा हॉजसनचा. संगीत ट्रिस्ट्रम कॅरीचं, तेही इलेक्ट्रॉनिक. संगीत कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही, आणि यातच या कथेचं यश आहे. पाचव्या-सहाव्या भागातली दलदल आणि गुहा लांबलेल्या आहेत, दरी ओलांडण्याचा प्रसंग तर संपता संपत नाही. तिथे धपधप नाही हेही एक कारण असावं.

ध्वनिमुद्रकांसाठी खास गोष्ट. या कथेचा पहिला भाग १५ नोव्हेंबरला मुद्रित झाला आणि बाद करावा लागला. फ्लोअरवरच्या माणसांच्या हेडफोनमधल्या सूचना मुद्रणात झिरपल्या होत्या. ६ डिसेंबरला तो सगळा पुन्हा केला. बंद कपाचे हेडफोन आणि आवाज कमी ठेवा, ही सूचना आजही सेटवर रोज द्यावी लागते.

विकत घ्यायचं तर ‘द बिगिनिंग’ हा डीव्हीडी संच घ्या. पहिल्या तीन कथा आणि प्रसारित न झालेला पायलट भाग त्यात आहे. पायलटमध्ये टार्डिसची दारं नीट लागत नाहीत, मागे धडधड चालू राहते आणि डॉक्टर फारच उर्मट आहे. हाच मजकूर तीन आठवड्यांनी पुन्हा मुद्रित केला तो पहिला भाग. दोन्ही लागोपाठ पाहिले की दिग्दर्शन म्हणजे काय ते कळतं. एक अडचण आहे. ब्रिटनची चकती रीजन २ ची, भारतातले प्लेअर रीजन ५ चे. मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर चकती चालणार नाही. बीबीसीच्या आयप्लेअरवर २०२३ मध्ये जुने भाग आले, पण पहिली कथा लेखकाच्या वारसाशी हक्कांवरून झालेल्या वादामुळे त्यात नव्हती.

त्याच वर्षी डालेकांच्या सात भागांचा ७५ मिनिटांचा रंगीत अवतार आला. रंगकाम देखणं आहे, पण कात्री वेगवान आणि संगीत जवळजवळ अखंड. बार्बरा धातूच्या बोळांमधून एकटी चाचपडत जाते, तिथे मुळात फक्त शहर ऐकू येतं. नव्यात त्या शहराला बोलायला उसंतच दिलेली नाही. आधी मूळ सात भाग बघा, रंगीत नंतर.