शिलाईचा दोरा: सुती की पॉलिएस्टरचा?
घरी शिवणकाम सुरू केलेल्या मैत्रिणीला दोरा कोणता घ्यावा, हे ठरत नव्हते. ताकदीत पॉलिएस्टर सरस आहे. तो किंचित ताणला जात असल्याने काखेतल्या शिवणीवर ओढ आली तरी टाका सहसा तुटत नाही आणि धुतल्यावर आटतही नाही. सुती दोरा मात्र पहिल्या धुण्यात आटून शिवणीला बारीक चुण्या पाडू शकतो, शिवाय त्याचे तंतू बॉबिन केसमध्ये (शिलाई यंत्रातील खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीत) साठतात. उष्णतेपुढे चित्र पालटते: पॉलिएस्टर २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तर सुती दोरा कडक इस्त्री निर्धास्त सोसतो. रोज वापरायच्या, ताणल्या जाणाऱ्या कपड्यांसाठी पॉलिएस्टरच घ्यावा. शिवलेला सुती कपडा मागाहून रंगवायचा असेल, तर सुतीच, कारण सुती कापड रंगवायचा रंग पॉलिएस्टरच्या टाक्यांवर चढत नाही.