घाटमाथ्याच्या चिखलात पाच दारांची जिम्नी

आधीच सांगतो, हा शोरूमवाला रिव्ह्यू नाहीये. टचस्क्रीन केवढा, सीटचं कापड कसं, स्पीकर किती हे वाचायचं असेल तर ते भरपूर जणांनी लिहून ठेवलंय. मी मारुती सुझुकीची ही जिम्नी वापरतो ती वेल्हे, मुळशी, भोर या पट्ट्यातल्या पावसाळी रस्त्यांवर, म्हणजे जिथे डांबर संपतं, मग खडी संपते आणि पुढे भाताच्या खाचरांमधून ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी तेवढी उरते. इथे फक्त त्याबद्दल.

गाडी मॅन्युअल, पेट्रोल. १.५ लिटरचं इंजिन, १०५ पीएस पॉवर आणि १३४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर. हा आकडा ऐकून डिझेलवाले मित्र हसतात, हसू देत. महिंद्राच्या थार डिझेलचा टॉर्क ३०० आहे, दुपटीच्याही वर, ते खरंच आहे. पण जिम्नीचं वजन जेमतेम १२०० किलोच्या आसपास आणि आपल्याकडच्या चिखलात सगळ्यात आधी नडतं ते वजन. आपलं ऑफरोडिंग म्हणजे काही राजस्थानातली वाळू नाही की सुसाट स्पीड पकडून टेकाड चढायचंय. इथे सगळं माणसाच्या चालीने चालतं, पहिला नाहीतर दुसरा गिअर, फोर लो (चारही चाकांना ताकद आणि लो रेंज), आणि डोळे पुढच्या दहा फुटांवर. लो रेंजमध्ये गिअर साधारण दुप्पट खाली येतात त्यामुळे १३४ चा टॉर्क पुरून उरतो, आणि जिथे तो कमी पडेल तिथे बऱ्याचदा चाकांना पकडच नसते, मग तीनशे असला काय आणि सहाशे असला काय, चाक जागच्या जागी फिरणारच.

आता रुंदी. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही आणि मला विचाराल तर ही गाडी घ्यायचं हेच मुख्य कारण आहे. जिम्नी १६४५ मिमी, थार १८२०. म्हणजे वीतभराला थोडा कमी फरक. कागदावर काहीच वाटत नाही, पण एका बाजूला खाचराचा बांध, दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी आणि मधे बैलगाडीपुरती वाट असली की ती वीत म्हणजे जीव की प्राण. बांधावर चाक चढवलं तर बांध फुटतो, शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं आणि मग त्याने चार शब्द सुनावले तर ते बरोबरच आहे ना राव. आमच्या ग्रुपमधल्या मोठ्या गाड्या अशा ठिकाणी मागे लावून ठेवतात आणि लोक पायी येतात, जिम्नी आरसे मिटून आत जाते. करवंदीचे ओरखडे मात्र पडणारच, पेंटचं फार प्रेम असेल तर नवीन गाडी नेऊच नका.

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण नवीन लोक तिथेच फसतात. लावणीच्या दिवसात चिखलणी करून ट्रॅक्टर लोखंडी चाकं लावून त्याच वाटेने परत जातात, त्यांचं पोट उंच असतं, त्यामुळे दोन्ही बाजूला खोल घळी आणि मधे उंचवटा तयार होतो. आपण चाकं त्या घळीत घातली की मधला उंचवटा सरळ डिफरन्शियलला, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याला भिडतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी. याचा फायदा असा की गाडी कितीही दबली, भरली, आपटली तरी ॲक्सलच्या खालची जागा तेवढीच राहते, कारण ॲक्सल चाकांबरोबर वरखाली होतो. इंडिपेंडंट सस्पेंशनवाल्या (प्रत्येक चाक वेगळं वरखाली होणाऱ्या) गाडीत स्प्रिंग दबला की पुढची खालची जागाही कमी होते. पण फायदा असला तरी २१० म्हणजे २१०, घळ त्याहून खोल असेल तर गाडी पोटावर बसणारच. त्यामुळे घळीत उतरायचंच नाही, एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवायचं, दुसरं कडेच्या गवतावर, आणि स्टेअरिंग घट्ट न पकडता अंगठे बाहेर काढून धरायचं. चाक घसरून घळीत गेलं की स्टेअरिंग फटकन फिरतं आणि अंगठा आत असला तर समजेलच.

पाच दारं करताना व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५९० मिमी झाला, तीन दारांच्या परदेशी मॉडेलचा २२५० आहे. म्हणजे ३४० मिमी जास्त, आणि हे लांबलेलं पोट बांध ओलांडताना जाणवतं. पुढचा अप्रोच अँगल (बंपर न घासता किती उभा चढ घेता येतो तो कोन) ३६ अंश आहे, मस्त आहे, मागचं तर त्याहून चांगलं, पण मधला ब्रेकओव्हर, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन, २४ अंशच. म्हणजे पुढची चाकं उंचवट्यावरून सहज उतरतात आणि मग पोट टेकतं. उपाय एकच, बांध सरळ न ओलांडता तिरका घ्यायचा, एकेक चाक करून. तिरकं घेताना तिरक्या रेषेतली दोन चाकं हलकी होतात, उदाहरणार्थ पुढचं डावं आणि मागचं उजवं हवेत, आणि इथे या गाडीचा खरा खेळ सुरू होतो.

जिम्नीला मेकॅनिकल डिफ लॉक, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर, नाहीये. थारच्या काही व्हेरियंटला मागे मेकॅनिकल लॉकर मिळतो, जिम्नीला कुठल्याच व्हेरियंटला नाही. त्याऐवजी ब्रेकवर चालणारी लिमिटेड स्लिप आहे. साधं गणित आहे, जे चाक हवेत फुकट फिरतंय त्याला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, त्यामुळे त्याच ॲक्सलवरच्या जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळते. फोर लो टाकलं की ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप सावरणारी यंत्रणा) आपोआप बंद होतं, पण ही सिस्टिम चालू राहते. गंमत अशी की तिला काम करायला चाक फिरताना दिसावं लागतं. नवीन माणूस काय करतो, चाक फिरलं, आवाज आला, गाडी हलत नाही, म्हणून घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. सोडला की सिस्टिमचंही काम थांबतं. पाय तसाच हलका पण स्थिर ठेवायचा, एक-दोन सेकंद खालून कर्रर्र कटकट असा भयानक आवाज येतो, काहीतरी मोडलं असं वाटतं, आणि मग गाडी आपली हळूच पुढे सरकते. तो आवाज ब्रेकचा आहे, येऊ द्या. ज्याला हे जमलं त्याची जिम्नी अशा ठिकाणाहून निघते की बघणारे उतरून टायर बघायला येतात. ज्याला नाही जमलं तो यूट्यूबवर गाडीला शिव्या घालतो. अर्थात खरा लॉकर तो लॉकरच, चाक फिरायच्या आधीपासून दोन्ही बाजूंना सारखी ताकद देतो, शेवाळलेल्या कातळावर तर तो हवाच होता असं मला वाटतं आणि कंपनीने टॉप मॉडेलला तरी पर्याय म्हणून द्यायला पाहिजे होता.

टू हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद) ते फोर हाय (चारही चाकांना, नेहमीच्या गिअरमध्ये) चालत्या गाडीत लिव्हर ओढून होतं, फोर लोसाठी थांबून क्लच दाबून टाकायचं. आणि एक, फोर हाय लावून कोरड्या डांबरावर फिरू नका. मधे सेंटर डिफरन्शियल नाही, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो सगळा पीळ ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो. ओल्या मातीत चाक थोडं घसरून पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. पार्किंगमध्ये यू-टर्न मारताना गाडी अडखळतेय असं वाटलं तर आधी लिव्हर बघा.

उताराबद्दल. चिखलाचा उतार हा चढापेक्षा वाईट असतो. ब्रेक मारला की चाकं लॉक, आणि लॉक झालेलं चाक म्हणजे घसरगुंडी. फोर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय बाजूला, गाडी इंजिनच्या जोरावर खाली येऊ द्यायची. मागचा भाग बाजूला सरकायला लागला तर ब्रेक नाही, उलट किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा म्हणजे चाकं पुन्हा गाडीच्या वेगाने फिरायला लागतात. मनाला पटत नाही पण होतं. चढावर गाडी बंद पडली तर वळवायचा विचार सुद्धा करू नका, रिव्हर्स टाकायचा आणि ज्या लाइनने आलात त्याच लाइनने सरळ मागे. चढावर आडवी झालेली उंच-अरुंद गाडी उलटायला वेळ लागत नाही, आणि इथे जिम्नीची तीच अरुंद बॉडी उलटी अंगाशी येते हे मान्य करायला पाहिजे. बाजूच्या कलावर ही गाडी घाबरवते.

पाणी. टायर कंपनीचाच असेल, १९५/८० आर १५, तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, जमिनीपासून साधारण ३४ सेंटिमीटरवर येतो. ओढ्याचं पाणी हबच्या वर असेल तर मी नाही घालत, गाडीतून उतरून काठीने आधी तळ बघतो आणि गावातल्या कुणालातरी विचारतो. थारला ६५० मिमी पाण्यात जायचं कंपनीच सांगते, तिथे जिम्नीवाल्याने उगाच बरोबरी करायला जाऊ नये. आणि घाटमाथ्यावर वर कुठेतरी पाऊस झाला की ओढा अर्ध्या तासात फुगतो, जाताना गुडघाभर होता म्हणून येताना तेवढाच असेल असं काही नाही. मागे एका आजोबांनी खाचरातूनच ओरडून सांगितलं, "पाव्हनं, तिकडून नका जाऊ, काल ट्रॅक्टर रुतलाय तिथं." ट्रॅक्टर जिथे रुततो तिथे आपण चहा प्यायचा आणि परत फिरायचं.

टायरवर खर्च करा, बाकी कशावर नंतर. कंपनीचे टायर हायवेचे आहेत, त्यांच्या खाचा लाल चिखलाने पाच मिनिटात भरतात आणि मग चाक गुळगुळीत होतं. ऑल टेरेन २१५/७५ आर १५ बरेच जण टाकतात, उंचीत जेमतेम सेंटिमीटरचा फरक पडतो त्यामुळे फार भानगड होत नाही. त्यानंतर छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज, चिखलात हवा १८ पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो, पकड कितीतरी वाढते. अजून खाली न्यायच्या फंदात पडू नका, टायर रिमवरून निघाला की पावसात तो बसवत बसायचं. डांबराला लागायच्या आधी हवा परत भरायची, हे विसरून चालणार नाही. मग एक चांगला कायनेटिक दोर (रुतलेली गाडी ओढायचा, ताणला जाणारा दोर) आणि तो अडकवायला दोन शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या. गावात ट्रॅक्टरवाले मदत करतात पण त्यांच्याकडे साखळदंड असतो आणि झटका दिला की साखळी तुटून उडते, त्यामुळे आपला दोर आपल्याकडे पाहिजे, हूकला नीट लावायचा, लोकांना लांब उभं करायचं. मदत घेतली की त्यांच्या डिझेलचे पैसे न विचारता द्या.

पुण्यात एका ॲक्सेसरीवाल्याने मला टायर सोडून सगळं विकायचा प्रयत्न केला, लोखंडी बुलबार, वर पंचवीस किलोचा कॅरियर, लाइटचा अख्खा पट्टा. बुलबारला २०१७ च्या शेवटीच केंद्र सरकारने मनाई केलीय, आणि हलकी म्हणून घेतलेल्या गाडीवर लोखंड लादायचं कशाला.

रोजच्या वापरात काय खटकतं ते पटकन. बूट २०८ लिटर, म्हणजे चार जणांच्या सॅक नाही मावत, मागची सीट पाडली तर ३३२. मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे पावसात सामान काढताना डोक्यावर छप्पर नाही, हे दर वीकेंडला आठवतं. पाचवा गिअर शेवटचा, एक्स्प्रेसवेला शंभरच्या पुढे इंजिन ओरडतं. चार जण घेऊन वरंध किंवा ताम्हिणी चढताना दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसावं लागतं. मायलेज कंपनी मॅन्युअलला १६.९४ सांगते, फोर लोमध्ये दिवसभर फिरलात तर ते विसरून जा आणि टाकी ४० लिटरचीच आहे, त्यामुळे आत शिरायच्या आधी फुल करा. स्टेअरिंगला फेरे जास्त आहेत, ट्रेलवर चांगलं, सिटीत हात दुखतात. सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला आहेत ही मात्र चांगली गोष्ट.

किंमत. जून २०२३ मध्ये लाँच झाली तेव्हा १२.७४ लाखापासून होती आणि लोकांनी नाकं मुरडली, एवढ्यात मोठी एसयूव्ही येते म्हणाले. येते ना, पण तिला लो रेंज येतो का? गंमत म्हणजे हीच गुरुग्रामला बनलेली पाच दारांची गाडी जपानला जिम्नी नोमाड नावाने गेली, जानेवारी २०२५ च्या शेवटी बुकिंग उघडलं आणि चारेक दिवसात ५०,००० च्या आसपास ऑर्डर आल्यावर कंपनीला बुकिंग बंद करावं लागलं. आपल्याकडे शोरूममध्ये डिस्काउंट मागून बघा.

मारुतीच्या जुन्या जिप्सीवाले विचारतात की तिच्यासारखी आहे का. १९८५ पासूनची ती गाडी, पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवर चालणारी, तिच्यात बसून आल्यावर कंबर वेगळी काढून ठेवावी लागायची. ही कॉइल स्प्रिंगवर आहे, एसी आहे, मागच्या सीटवर आई बसते आणि तक्रार करत नाही.

ऑटोमॅटिक घ्यावी का मॅन्युअल, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. ऑटोमॅटिक चार गिअरची आहे, जुन्या पद्धतीची, हायवेवर सुस्त. पण दगडांवर, जिथे क्लच अर्धा दाबून धरायचा मोह होतो आणि क्लच जळतो, तिथे नवीन माणसाला तीच सोपी. उतारावर मला मॅन्युअलचा पहिला गिअर जास्त भरवशाचा वाटतो म्हणून मी ती घेतली. दोन्ही चालवून बघा, आणि टेस्ट ड्राइव्हला सोसायटीभोवती चक्कर मारून आणतील तर सरळ सांगा, मला फोर लो टाकून एखादा कच्चा चढ द्या.