इंटिमेट लिहावं की इन्फॉर्म?

चाकणच्या एका कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार मी सांभाळतो. सुरुवातीला मीही सर्रास 'प्लीज इंटिमेट अस' लिहायचो. बँकेच्या पत्रात तेच, सोसायटीच्या नोटिशीत तेच. त्यापुढे 'इन्फॉर्म' फार साधा वाटायचा.

आपल्याकडे दोन्ही 'कळवणे' याच अर्थी चालतात. पत्र इंग्लंडला गेलं की फरक पडतो. तिथे 'इंटिमेट' म्हणजे बहुतेक वेळा आडून सुचवणं. रीतसर कळवणं हा अर्थही इंग्रजीत आहे, तेव्हा आपण सपशेल चुकतो असं नाही म्हणणार मी.

पण एकदा माल दहा दिवस लांबला. आम्ही तसं आधीच मेलने सांगितलं होतं. पुढच्या पत्रात मी लिहिलं, 'वी हॅड इंटिमेटेड द डिले'. तिकडच्या खरेदीवाल्या बाईंचं उत्तर आलं: नुसतं सुचवलंत कशाला, सरळ सांगायचं होतं! उशीर ठाऊक असून आम्ही मोघम बोललो, असा अर्थ त्यांनी लावला. जुना मेल शोधून, जोडून, त्यांची समजूत काढेपर्यंत दोन दिवस गेले. चूक मालाची नव्हतीच, एका क्रियापदाची होती.

खरं तर आपल्या 'सूचित करणे'मध्येही हे दोन्ही अर्थ नांदतात. 'सभासदांना सूचित करण्यात येते' म्हणजे कळवणं, आणि 'सूचक मौन' म्हणजे न बोलता सुचवणं. म्हणूनच बहुधा इंग्रजीतला धोका आपल्या कानाला जाणवत नाही.

रचनाही वेगळी. 'इन्फॉर्म'पुढे थेट माणूस येतो. 'इंटिमेट'पुढे आधी गोष्ट येते, माणूस मागून 'टू' लावून. त्यामुळे 'इंटिमेट अस' तिकडे खटकतं. आणि हो, क्रियापदाचा उच्चार शेवटी 'मेट' होतो. 'मिट' म्हटलं की ते जिव्हाळ्याचं विशेषण.

'इंटिमेशन' हे नाम मात्र टाकू नका. विम्याचं क्लेम इंटिमेशन किंवा आयकर कायदा १९६१ च्या कलम १४३(१) खालचं इंटिमेशन, ही त्या कागदांची ठरलेली नावं आहेत.

पुण्यातल्या पुण्यात बँकेला लिहायचं असेल तर 'इंटिमेट'ने काही बिघडणार नाही. बाहेर जाणाऱ्या पत्रात मी आता 'इन्फॉर्म'च घालतो, आणि कोणत्या तारखेच्या मेलने कळवलं तेही त्याच वाक्यात.