कार-टी उपचार: परवाना द्यावा की स्वतःची कंपनी काढावी?

रक्ताच्या काही कर्करोगांवरचा कार-टी पेशींचा उपचार (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाशी लढायला परत सोडणं) प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत दोन वाटांनी पोहोचला.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१२ मध्ये नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीशी करार करून आपल्या तंत्राचा परवाना तिला दिला. पैसा आणि अनेक देशांत चाचण्या घेण्याची ताकद कंपनीकडे होतीच. २०१७ मध्ये त्यांच्या ‘किमरिया’ या कार-टी उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हाची किंमत ४,७५,००० डॉलर!

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी टाटा मेमोरियलसोबत काम करत ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही आपलीच कंपनी काढली. पेशींमध्ये नवं जनुक घालणारा विषाणू-वाहकही इथेच बनवला. त्यामुळे २०२३ मध्ये मान्यता मिळालेली ‘नेक्सकार१९’ ही त्यांची कार-टी थेरपी किमरियाच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या किमतीत मिळते. तीही सामान्य कुटुंबाला जडच, तरी भारतासाठी मला हीच वाट पटते. अनेक देशांत मोठ्या चाचण्या घ्यायच्या असतील, तर मात्र बड्या कंपनीशिवाय भागणं कठीण.