रिंगवाल्याचे पैसे बुडवणारा प्रमोटर

ज्या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो, त्या शोबाज कुस्तीसाठी मी रिंग भाड्याने देतो. लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फोम, ताणलेला कॅनव्हास. उभं करायला निम्मा दिवस जातो. माझं बिल बुडवणाऱ्या प्रमोटरचं नाव घेत नाही, त्याची रीत सांगतो. ती वापरणारे आणखीही आहेत.

सुरुवातीचे पैसे रोख, तेही वेळेवर. शोआधी ड्रेसिंग रूममध्ये तो मुख्य पैलवानाच्या हातात सगळ्यांदेखत पाकीट ठेवायचा, वर 'मोजून घे' म्हणायचा. गुडघ्याला पट्ट्या गुंडाळत बसलेली पोरं ते बघायची आणि आपलंही येईल म्हणून अंग झोकून द्यायची. हा देखावा पोस्टरवरच्या कुठल्याही लढतीपेक्षा सरस होता. मग गर्दी वाढली, पोस्टरं मोठी झाली आणि रोखीच्या जागी चेक आले. चेक मिळायचा शनिवारी रात्री, म्हणजे तो वटला नाही हे कळेपर्यंत प्रमोटर पुढच्या गावी पोचलेला. फोनवर उत्तर ठरलेलं: टीव्हीचा करार झालाय, सही तेवढी राहिली.

टीव्ही आला की उधारी फिटते हेही खरं नाही. अमेरिकेत पॉल हेमनच्या ईसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीचा 1997 मध्ये पहिला पे-पर-व्ह्यू, म्हणजे पैसे भरून टीव्हीवर बघायचा शो झाला, 1999 मध्ये टीएनएन वाहिनीवर देशभर कार्यक्रम सुरू झाला. तरी पैलवानांचे पैसे थकत गेले. 2000 च्या ऑक्टोबरात वाहिनीने कार्यक्रम बंद केला. पुढच्या मार्चमध्ये हेमन प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) समालोचकाच्या खुर्चीत दिसला आणि एप्रिल 2001 मध्ये ईसीडब्ल्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी सुमारे 89 लाख डॉलर, मालमत्ता जेमतेम 14 लाखांची. तिथल्या नामांकित पैलवानांची ही गत, तर आमच्यासारख्या रिंगवाल्यांना कोण विचारतो?

या धंद्यात पैलवान बहुधा कंत्राटदार म्हणून धरला जातो, नोकर म्हणून नाही. पाठीशी संघटनाही नसते. बोंब मारली की पुढच्या शोच्या यादीतून नाव गायब, म्हणून पोरं गप्प बसतात. प्रमोटर त्याच गप्पपणावर जगतो.

आमचा गडी शेवटी शो सुरू असतानाच गेटचा गल्ला घेऊन पसार झाला. करार कंपनीच्या नावाने होता, कंपनीच्या खात्यात खडखडाट. वकील म्हणाला, वसुलीपेक्षा माझी फी जास्त होईल. आता सही करणारा स्वतः जामीन राहत असेल आणि पूर्ण भाडं आगाऊ देत असेल, तरच मी ट्रकमधून खांब उतरवतो. चेक घेतच नाही.

तो पुन्हा बाजारात आलाय, दुसऱ्या कंपनीच्या नावाने. पोस्टरवर 'टीव्ही रेकॉर्डिंग' ठळक छापलंय, वाहिनीचं नाव मात्र कुठेच नाही. नव्या पोरांना तो अजून रोखच देतोय.